शिट्टीच्या आधी

आमच्या जाम गावात कार्यक्रम कोणाचाही असो, माइकवाला एकच. मी कॉलेजात गणित शिकवतो, तरी तो मला शिकवतो, "स्पीकरचा आवाज माइकमधी शिरला का वाढते, वाढला का आणखी शिरते. मंग शिट्टी मारते, सर." एवढंच सांगायला मला अख्खा फळा लागतो. बोलताना त्याचं बोट आवाजाच्या बटणावरून हलत नाही.

परवा ग्रामसभेत दोघं जण माइक धरून नालीवरून भांडायला लागले. एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचा त्याहून चढे. माइकवाल्यानं उठून एक स्पीकर त्यांच्याच तोंडाकडे वळवला. स्वतःचा आवाज अंगावर येताच दोघंही आपोआप हळू बोलू लागले.

"आणि शिट्टी वाजली असती तर?" मी नंतर विचारलं.

"तरी ते थांबलेच असते, सर."