डेडलॉकचा बळी

ड्रॉवर रिकामा करताना जुन्या सरांच्या अक्षरातली पिवळी चिठ्ठी सापडली आणि जासईच्या कंटेनर यार्डातली ती दुपार आठवली. नोकरीचा तिसरा दिवस, खिडकीतून डिझेलचा वास, बाहेर ट्रेलरची रांग आणि माझ्या स्क्रीनवर लाल इंग्रजी अक्षरं: डेडलॉक झालाय, 'व्हिक्टिम' म्हणून तुमची निवड झालीय. व्हिक्टिम म्हणजे बळी. मी सरांना हाक मारली. "सर, मी काय केलं?" सर सातारचे, शांतपणे म्हणाले, "काय नाय गं. दोन ट्रेलर गेटात समोरासमोर अडकले, तर एकाला मागं घ्यावंच लागतं. तशाच कॉम्प्युटरात दोन एंट्र्या अडकल्या, त्यानं तुझी मागं घेतली. मेसेज शेवटपर्यंत वाच की." शेवटी होतं, 'पुन्हा चालवा.' तेच त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. कामावरून कमी करायच्या लोकांत माझी निवड झाल्याचं पत्र आज सकाळी आलं. शेवटपर्यंत दोनदा वाचलं. 'पुन्हा चालवा' कुठंच नाही.