सशाच्या कानातली खपली

“कानाला धरून उचलत असतील, म्हणून झालं असं,” रांगेत पुढे बसलेला शेळीवाला बायकोला म्हणाला.

मुरबाडच्या जनावरांच्या दवाखान्यात आमचा नंबर यायचा होता. माझ्या मांडीवर टोमॅटोचा क्रेट, त्यात काकूचा पांढरा ससा, शेजारी काकू. ती शेळीवाल्याकडे न बघता मलाच म्हणाली, “आमी कधी कानाला धरला काय गो? पोराला घेतात तसा घेते मी त्याला.”

ते खरं होतं. काकूच्या गावात, टोकावड्यात, बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायला काकूलाच बोलावतात. ससाही तिच्या हातात तसाच बसतो, ढुंगणाखाली तिचा तळवा घेऊन. शेळीवाल्याच्या बायकोने हे ऐकलं आणि ती वळली. तिच्या सुनेला आठवा लागला होता. “न्हाऊ घालायला येशील काय गो बाय?” तिने विचारलं. काकू खुलली.

मी बोलले की लोक आधी माझ्या इंग्रजी वळणाच्या मराठीकडे बघतात, मग म्हणण्याकडे. त्यामुळे मला बघत बसायची सवय लागली आहे. सुट्टीत काकूकडे आले तेव्हा ससा सारखी मान झटकतो, मागच्या पायाने कान खाजवतो, हे म्हणूनच माझ्या लक्षात आलं असेल. मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं. बाहेरून कान गुलाबी, केस जागच्या जागी; आत मात्र तपकिरी थरावर थर, जुन्या झाडाची साल सुटायला येते तसे. दुसऱ्या कानात नुसती सुरुवात, कोंड्याएवढी. वासही घेतला. आंबूस होता. मळ म्हणावा तर एवढा कडक कसा? जखम म्हणावी तर दोन्ही कानांत कशी? त्या दिवशी मी चार-पाच वेळा तरी टॉर्च लावला असेल.

काकूला असले प्रश्न पडले नाहीत. “बाळाच्या टाळूवर धरते ना, तसली खपली हाय. तेलात भिजवायची, नि फणीने अलगद काढायची.” तिने तशी कितीतरी डोकी साफ केली आहेत. पण फणी लागताच ससा बारीक ओरडला आणि खपलीखाली रक्त दिसलं. मी सशाच्या कानावर हात धरला. फणी बाजूला गेली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, काकूने शेळ्यांचं गोचिडाचं औषध काढलं. “शेळीला लागू पडतं, त्याला का नाय पडणार?” खोबरेलात थोडं मिसळून तिने बोटाने दोन्ही कानांत फिरवलं. ससा मी धरला होता. तो रात्रभर कोपऱ्यात बसून राहिला, गवताला तोंड लावलं नाही, म्हणून आज जीप धरून आम्ही इथे आलो.

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी एक सुटलेला कण चिमट्याने उचलून काळ्या कागदावर ठेवला आणि भिंग चक्क माझ्या हातात दिलं. आधी काहीच दिसेना. मग एक पांढरा ठिपका सरकला, त्याच्यामागे दुसरा. ते चालत होते. खपली म्हणजे यांची वस्तीच, हे बघून मला कानाची आठवणच राहिली नाही. कुठून येतात, खातात काय, एकाकडून दुसऱ्या सशाकडे कसे जातात, सगळं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

“खपली ओढायची नाही,” डॉक्टर म्हणाले. “खाली कातडी सोलवटलेली असते. सुई दिली की किडे मरतात, खपली आपोआप गळते. काही दिवसांनी परत एक सुई. तोवर खालचं गवत रोज बदला.” मग बाटलीला सुई लावता लावता त्यांनी विचारलं, “घरी काय लावलंय का? गोचिडाचं, पिसवांचं? त्याच्यावर ही सुई पडली तर एवढ्याशा जिवाला झेपायची नाही.”

शेळीवाला आणि त्याची बायको अजून दारातच होती, शेळीला उचलत.

“छ्या,” काकू म्हणाली. “नुसतं खोबरेल.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती सशाच्या पाठीवरून हात फिरवत होती, खाली बघत. तिला औषध आठवत होतं. ती डॉक्टरांशी नाही, दारातल्या त्या दोघांशी बोलली होती. डॉक्टरांनी सुई उजेडात धरून हवा काढली, सशाच्या मानेची कातडी चिमटीत घेतली. माझ्या मनात वाक्य इंग्रजीत तयार झालं होतं, पूर्ण, आणि ते तिथे कुणाच्याच कामाचं नव्हतं.

“डॉक्टर, थांबा,” मी म्हणाले. “काल आम्ही शेळीचं गोचिडाचं औषध लावलंय, तेलातून. दोघींनी मिळून.”