ओरिनची लाकडं

अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्यातला ओरिन पेल्की शाळेची बस चालवायचा. मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ वितळला, की एका रात्रीसाठी होडी वल्हवत पलीकडच्या काठावर एकटाच ट्राउट मासे धरायला जायचा. "मलाही ने की," असं मी म्हटलं की खेकसायचा, "तुझ्या बडबडीनं मासे पळतील!"

पलीकडच्या काठावरून निघताना पुढच्या माणसासाठी लाकडं फोडून ठेवायचीच, हा त्याचा दंडक. न ठेवणारा म्हणजे आयत्या बिळावर नागोबा!

गेल्या हिवाळ्यात ओरिन वारला. मे महिन्यात मी त्याचीच होडी घेऊन एकटा गेलो. त्यानं गेल्या खेपेला फोडून झाडाच्या सालींखाली झाकून ठेवलेली लाकडं अजून कोरडी होती. ती पेटवून मी ट्राउट तळला.

कधीच सोबत न नेणाऱ्या ओरिननं अखेर मला आपल्या शेकोटीशी बसवलं होतं. रात्रभर मी तोंडातून शब्द काढला नाही.