कोकराच्या उंचीवरून

निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी मानवतजवळ सुधारगृह उभं राहत होतं. नकाशा माझा होता. शेजारच्या माळावर एक धनगर उतरला होता. संध्याकाळी तो कोकरं कोंडायला जाळीची वाघूर ताणी, मग स्वतः आत उकिडवा बसून बाहेर बघी.

एकदा मी कारण विचारलं.

“कोकराला माय दिसाय पायजे, सायेब. दिसली की उडी मारत न्हाई.” मग डोक्याच्याही वर बसवलेल्या माझ्या खिडक्यांकडं बघत म्हणाला, “तुमच्या लेकरायला काय दिसंल?”

मी हसण्यावारी नेलं.

सुधारगृह सुरू झाल्यावर वर्षभरात एक मुलगा पळून जाताना आवाराच्या भिंतीवरून पडला आणि पायानं कायमचा अधू झाला. चौकशीत मला उपाय विचारला, तेव्हा तो धनगर आठवला होता. तरी मी लिहिलं, भिंत दोन फूट वाढवावी.