शेवंता गायकवाड हे नाव

कलादालनाच्या संचालकांनी शेवंताबाईंना फसवलं. आज प्रदर्शनात बाईंच्या फोटोसमोर एक मुलगी बराच वेळ उभी राहिली, मग वाकून खालची पाटी वाचू लागली. पाटीवर ‘शीर्षकहीन’ एवढंच होतं. ती पुढच्या फोटोकडे गेली.

मिरजेच्या रेल्वे मालधक्क्याजवळ मी काही वर्षं फिरस्त्या माणसांत राहिलो, त्यांचे फोटो काढले. तिथं कुणी कुणाला नाव विचारत नाही, गावावरूनच हाक मारतात. मी ‘सांगोला’ होतो, शेवंताबाई ‘बार्शी’. त्यांना ‘फोटो काढू का’ विचारलं तेव्हा म्हणाल्या, “काढ की. पण खाली नाव लिहायचं, शेवंता गायकवाड. मेल्यावर मला बेवारस म्हणूनच नेतील. एका जागी तरी नाव राहू दे.”

शेजारचा ‘कोरेगाव’ हसला. “बार्शी, लई भाव खातीस गं!”

“तू गप रं. तुझं थोबाड कोण काढतंय?”

आयुष्यभर मी घासाघीस करूनच वर आलो, पण त्या अटीला लगेच हो म्हणालो. पुढं त्या वारल्या आणि खरंच बेवारस म्हणून नेल्या गेल्या. मधे मी कॅमेरा सोडला होता; परत कलेकडे वळलो तो हा फोटो घेऊन, आणि खाली नाव लिहूनच तो दालनाला दिला.

संचालकांनी ते नाव काढून टाकलं. म्हणतात, “नाव काढलं की फोटो सगळ्यांचा होतो.” मग तुमचं नाव दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत कशाला? साहेब, त्या बाईनं जगाकडं एवढंच मागितलं होतं. ते पुसायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? तिच्या फोटोसमोर उभं राहून उत्तर द्या.