रुईवरचे निळे भुंगे

शिरूर कासारच्या बाजूला आमचं गाव. गावचं गायरान कागदावर 'पडीक' होतं. पडीक म्हणजे ज्यातून पुढाऱ्याला अजून काही मिळालेलं नाही ते. गावच्या पुढाऱ्याला ते सौर प्रकल्पाला द्यायचं होतं आणि माझ्या चुलत्याची मेंढरं त्याच गायरानावर जगत होती. मी आक्षेप घेतला, पत्रकं छापली, पारावर वाटली.

पत्रकात रुईवरच्या भुंग्यांबद्दल लिहिलं. नखाएवढा, मोराच्या मानेसारखा निळा किडा. ज्या चिकापायी गुरं रुईला तोंड लावत नाहीत, तो पचवून हा पानं खातो. त्याच्या अळ्या रुईच्याच मुळांवर वाढतात. रुई गेली की हाही गेला. पुढाऱ्याची माणसं हसली. "आता भुंग्यांचा मोर्चा काढतो का बे?" हसा म्हटलं. माझ्या आक्षेपावर पाहणीला येईल त्या साहेबाला झुडपाझुडपावर जीव दिसू दे, मग पडीक कोण म्हणतं बघू.

पाहणी श्रावणातल्या शनिवारी ठरली. मी आदल्या दिवशी साहेबाला आणायला बीडला गेलतो. इकडं चुलत्यानं मारुतीला नवस बोलला, की गायरान वाचव, पायापर्यंत रुईची माळ घालतो. साहेब यायच्या आत माळ घालायची म्हणून पहाटेच सगळे मेंढरंवाले गायरानात उतरले. देवाला भोकाचं पान चालत नाही, म्हणून कुरतडलेली पानं तोडून फेकली आणि धड तेवढी ओवली. हात लागला की हा भुंगा मेल्यागत खाली पडतो. पडले ते पायाखाली गेले. मी साहेबाला घेऊन पोचलो तेव्हा समोर रुईचे नुसते खराटे उभे.

माळेचं कळलं, साहेबाला तसाच देवळात ओढत नेला. माळेवर, मारुतीच्या छातीशी, दोन-तीन भुंगे अजून चालत होते. बोट करून दाखवले. साहेबानं आधी हात जोडले, मग शांतपणे म्हणाला, "देवळातले किडे मी गायरानात कसे लिहू?" आमच्यामागं आलेल्या पुढाऱ्यानं त्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

दिवाळीआधी तारेचं कुंपण आलं. चुलत्यानं निम्मी मेंढरं विकली. पुढाऱ्याला तो आजही वाकून रामराम घालतो. माझ्याशी मात्र बोलत नाही. शेवटचं बोलला ते एवढंच, "गायरान तुझ्यामुळं गेलं. देवाच्या अंगावरचे किडे दाखवायला कशाला गेलतास?"