हॉर्न वाजायला उशीर झाला

डोंगरावर पाहुणे नेणाऱ्या त्या पांढऱ्या गाडीत दोन बहिणी असायच्या. थोरली गाडी चालवायची, धाकटी वाटाडी होती. पाहुण्यांच्या लक्षात राहायची ती धाकटीच.

खरं तर त्या निद्रिस्त ज्वालामुखीवरच्या वाटा थोरलीच्या. काळ्या राखेत पाय कुठे रुततो, कुठला दगड पाय ठेवताच बिस्किटासारखा फुटतो, गंधकाची वाफ कुठल्या कपारीतून येते, हे सगळं तिनेच धाकटीला हाताला धरून शिकवलं होतं. सोळा वर्षं ती स्वतः पाहुण्यांना वर नेत होती. मग एका उतारावर गुडघा कामातून गेला, डॉक्टरांनी चढ बंद केला आणि हातात स्टिअरिंग आलं.

त्या दिवशी सहा पाहुणे होते. थोरली दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढवत होती. शेजारच्या सीटवरून धाकटी मागे वळून सांगत होती, "हे काळं पठार म्हणजे थिजलेला लाव्हा. आमची ताई म्हणते, डोंगराचं दूध उतू गेलं आणि पुसायला कुणी आलंच नाही."

मागे हशा पिकला. "काय छान बोलता हो तुम्ही!" एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या.

वाक्य माझं आणि कौतुक हिचं, थोरली मनात म्हणाली. धाकटीने ताईचा उल्लेख केला होता, तो तिच्या कानात शिरलाच नाही.

रस्ता संपला तिथे गाडी थांबली. धाकटीने काठ्या वाटल्या. "ताई, दोनपर्यंत येतो. धुकं आलं तर..."

"मला शिकवतेस?"

धुकं उतरलं की खालून दर पाच मिनिटांनी तीन लांब हॉर्न द्यायचे आणि वरच्यांनी त्या आवाजाच्या रोखाने उतरायचं, हा नियम थोरलीनेच घातला होता.

डबा उघडून ती दुर्बिणीतून बघत बसली. तांबूस धारेवरून सात ठिपके विवराच्या काठाला पोचले. आत हिरवं तळं आहे. तिने ते सात वर्षांत पाहिलं नव्हतं. धाकटी हात पसरून काहीतरी दाखवत होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. थोरलीने डबा बंद केला. आपल्याला पाहुणे विचारतात ते एवढंच, बाथरूम कुठे आहे?

दीडच्या सुमाराला धुकं आलं. बघता बघता धार दिसेनाशी झाली. तिचा हात हॉर्नवर गेला आणि तिथेच थांबला.

एवढी हुशार आहे ना, मग आणू दे की उतरवून.

समोरच्या घड्याळात दहा मिनिटं सरली. मग वर कुठेतरी दगड गडगडले आणि एक किंकाळी ऐकू आली. थोरलीने दोन्ही तळव्यांनी हॉर्न दाबला. तीनचा हिशेब विसरून ती दाबतच राहिली.

अर्ध्या तासाने धुक्यातून माणसं उमटली. तिने दोनदा मोजली. सात. शिक्षिकांचा तळहात सोलवटला होता, धाकटीचं जर्किन खांद्यापासून फाटलं होतं.

"ह्यांनी धरलं नसतं तर माझं काही खरं नव्हतं!" शिक्षिका धाकटीकडे बघत म्हणाल्या. सगळ्यांनी धाकटीसाठी टाळ्या वाजवल्या. थोरलीने औषधांची पेटी काढली.

संध्याकाळी दोघी गाडीचा चिखल धूत होत्या. धाकटी म्हणाली, "हॉर्न उशिरा ऐकू आला आज. वारा उलटा होता का गं?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"वारा नव्हताच. मी वाजवला नाही. दहा मिनिटं."

"का?"

"लोक तुझं कौतुक करतात म्हणून."

धाकटीने ब्रश खाली ठेवला. "ताई, कड्यापासून चार पावलांवर होतो आम्ही." एवढंच बोलून ती पायीच घरी गेली.

नऊ दिवस ती गाडीत सगळ्यात मागे बसली, कामापुरतं बोलली. थोरलीनेही माफी मागून तिला भंडावलं नाही. फक्त धुक्याची पहिली रेघ दिसताच हॉर्न देत राहिली. दहाव्या दिवशी धाकटी पुढच्या सीटवर येऊन बसली.

"घाटातलं तू सांगत जा," ती समोर बघत म्हणाली. "वरचं मी सांगेन."

थोरलीने घसा खाकरून सुरुवात केली. पहिल्या दिवशी कुणी हसलं नाही. जमायला महिना गेला.

मत्सर मात्र गेला नाही. सगळे हसत धारेवर चढले की आजही तिच्या पोटात दुखतं. आता ती ते लपवत नाही.

"जळते मी तुझ्यावर," ती म्हणते.

"माहीत आहे," धाकटी म्हणते. "दार उघड, पाहुणे खोळंबलेत."